जुन्या बीएसएचे चार्जिंग आणि नोंदणीचे नूतनीकरण: एक अनुभव

आमच्या घरची बीएसए सी-१५ ही २४९ सीसीची मोटारसायकल आजोबांनी १९६० साली पणजीत विकत घेतली. भारताने १९५५ च्या सुमारास गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर युरोपातला माल आगबोटीने मुरगाव बंदरात उतरत असे, आणि लोहखनिजाच्या धंद्यात नोकरी असलेल्या माणसाला बर्मिंगहॅमची मोटारसायकल घेणे परवडण्याजोगे होते. मुक्तीनंतर तिला जीडी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळाला, पुढे ती बाबांच्या नावावर झाली आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून बाबांनी ती रस्त्यावर ठेवली. या वेळची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपत होती. नूतनीकरणाआधी होणाऱ्या तपासणीत हेडलाइट, डिपर, ब्रेकलाइट आणि हॉर्न चालू दाखवावे लागतात, आणि २०२४ च्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीचे यांपैकी काहीच धड चालत नव्हते. चार्जिंगचा दोष शोधण्यापासून स्मार्ट कार्ड हाती येईपर्यंत जे जे करावे लागले ते येथे क्रमाने लिहीत आहे. साठच्या दशकातील कोणतीही ब्रिटिश मोटारसायकल बाळगणाऱ्याला यातला बराचसा भाग ओळखीचा वाटेल.

चवथ आटोपल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस बाबांनी गाडी बाहेर काढली, तेव्हा हेडलाइट पिवळट जळत होता आणि हॉर्न घोगरा झाला होता. नेहमीच्या गॅरेजमध्ये सहा व्होल्टची नवी बॅटरी बसवून घेतली. दिवाळीपर्यंत तीही बसली. त्याच सुमारास इंजिनाच्या डाव्या बाजूने, गाडी आयडलवर असताना, एक जड टकटक ऐकू येऊ लागली. थ्रॉटल किंचित वाढवला की ती नाहीशी होई आणि इंजिन पुन्हा मंदावले की परत येई. गॅरेजच्या मेस्त्रींनी कान लावून ऐकले आणि सांगितले, "टीचर, क्रँक गेला म्हणून समजा." त्यांच्या मते क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या इंजिनाच्या दांड्याला, पिस्टनचा दांडा जिथे जोडतो तिथले बिग-एंडचे बेअरिंग संपले होते, इंजिन पूर्ण उघडून क्रँक कोल्हापूरला पाठवावा लागणार होता आणि एकूण खर्च पस्तीस ते चाळीस हजारांच्या घरात जाणार होता. बॅटरी टिकत नाही हा त्यांच्या लेखी वेगळा आणि किरकोळ विषय होता. बाबा त्या संध्याकाळी जेवताना फारसे बोलले नाहीत. वयाच्या ऐंशीनंतर इंजिन उघडण्याचा व्याप त्यांना नको होता, आणि गाडी विकून टाकावी असे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकले.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विद्युतचुंबकीय प्रवर्तन फळ्यावर शिकवणे आणि तेलाने माखलेल्या कव्हरमागचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, तपासणे यांत पुष्कळ अंतर आहे, तरी मोजता येण्यासारखी गोष्ट आधी मोजावी आणि मग पैसे खर्च करावेत एवढे मला कळत होते. साडेसहाशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पडवीतच कामाला सुरुवात केली.

पुढचे समजण्यासाठी या गाडीत वीज कशी तयार होते ते सांगणे आवश्यक आहे. क्रँकच्या डाव्या टोकावर, इंजिनाची गती क्लचला पोहोचवणाऱ्या प्रायमरी चेनच्या कव्हरच्या आत, कायम चुंबक असलेला रोटर फिरतो. त्याच्याभोवती सहा कॉइल गुंडाळलेला स्टेटर स्थिर बसवलेला असतो. लुकास कंपनीच्या या रचनेत ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही आणि आजच्या अर्थाने रेग्युलेटरही नाही. स्टेटरमधून तीन वायरी निघतात आणि दिव्याचे बटण हेच रेग्युलेटरचे काम करते. दिवे बंद असताना फक्त दोन कॉइल चार्जिंग करतात आणि उरलेल्या चार शॉर्ट करून ठेवलेल्या असतात, त्यामुळे चुंबकीय प्रवाह दबून निर्मिती कमी राहते. पार्किंगचा दिवा लावला की त्या चार कॉइल मोकळ्या सुटतात, आणि हेडलाइट लावला की सहाही कॉइल कामाला लागतात. निघणारी वीज एसी असते. ती रेक्टिफायरमधून डीसी होऊन, विद्युतधारा दाखवणाऱ्या अॅमीटरमार्गे बॅटरीला जाते. दिव्याच्या बटणातले पितळी संपर्क काळे पडले असतील तर दिवा लागतो, पण जादा कॉइल जोडल्या जात नाहीत, आणि रात्री बॅटरी उतरत राहते. अशा गाडीच्या मालकाने बॅटरीला दोष देण्यापूर्वी हे बटण उघडून पाहावे.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवावी. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चासीला, म्हणजे अर्थला (विजेच्या परतीच्या वाटेला) जोडलेले असते. आजच्या गाड्या नेमक्या उलट असतात. नवी बॅटरी बसवणाऱ्याने सवयीने निगेटिव्ह अर्थला जोडला की रेक्टिफायरमधून बॅटरी सरळ शॉर्ट होते. आमच्याकडे बॅटरीच्या खोक्याजवळ बाबांनी जुन्या काळी लाल रंगाने अधिकचे चिन्ह काढून ठेवले होते. ते घासले गेले होते, पण दिसत होते, आणि सुदैवाने जोडणी बरोबर होती.

पहिली मोजणी सोपी होती. बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना ६.३ व्होल्ट दाखवत होती. इंजिन सुरू करून मधल्या गतीवर नेल्यावर हा आकडा ७ च्या आसपास जायला हवा, तो ६.२ वर आला. म्हणजे चार्जिंग होतच नव्हते. अॅमीटरचा काटाही शून्याच्या डावीकडे टेकून होता, म्हणजे बॅटरी उतरत होती. त्यानंतर हेडलाइट लावून, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे हेडलाइटच्या पत्र्यावर ठेवले. तेथे काहीच व्होल्टेज दिसू नये, कारण दोन्ही एकाच अर्थवर असतात. दिसले ०.५ व्होल्ट. बारा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाया गेला तर फारसे कळत नाही, पण सहाच्या गाडीत तो बाराव्या हिश्श्याचा तोटा असतो. कारण असे निघाले की हेडलाइटचा अर्थ हँडलमधून, म्हणजे ग्रीसने भरलेल्या स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून चासीला पोहोचत होता. गोव्याच्या दमट हवेत नट-बोल्टखाली गंजाचा आणि हिरव्या क्षाराचा थर किती लवकर साचतो ते येथे राहणाऱ्याला सांगायला नको. हेडलाइटपासून थेट बॅटरीपर्यंत, आणि इंजिनापासून बॅटरीपर्यंत, अशा दोन स्वतंत्र अर्थ वायरी टाकल्या, जोडाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला आणि वरून व्हॅसलीन लावले. खर्च साठ रुपये. दिवा लगेच उजळला, पण चार्जिंग काही सुरू झाले नाही.

नंतर रेक्टिफायरकडे वळले. तो अजूनही मूळचा, सेलेनियमच्या चकत्यांचा होता. या रेक्टिफायरचा मधला बोल्ट चकत्या धरून ठेवण्यासाठी असतो. तो बसवताना किंवा काढताना चकत्या फिरल्या तर आतल्या जोडण्या तुटतात, म्हणून एका पान्याने बोल्टचे डोके घट्ट धरून दुसऱ्याने फक्त खालचा नट सोडवावा. मल्टिमीटरने तपासल्यावर त्याच्या दोन बाजू दोन्ही दिशांनी वीज सोडत होत्या, म्हणजे तो निकामी होता. फोंड्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून ३५ अँपिअरचा सिलिकॉनचा ब्रिज रेक्टिफायर नव्वद रुपयांना आणला. त्यावर एसीच्या दोन टोकांना नागमोडी खूण असते आणि इतर दोन टोकांवर अधिक व उणे लिहिलेले असते. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अधिकचे टोक चासीला आणि उणेचे टोक अॅमीटरमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडायचे. ब्रिज तापतो, म्हणून तो अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बोल्टने कसला. इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर ६.५ व्होल्ट आले, अॅमीटरचा काटा किंचित उजवीकडे सरकला, आणि हेडलाइट लावताच पुन्हा डावीकडे पडला. रेक्टिफायरचा दोष खरा होता, पण तेवढाच नव्हता.

आता प्रायमरी कव्हर उघडण्यावाचून मार्ग नव्हता. या कामाची मला मनापासून भीती वाटत होती, कारण आत चेन, क्लच आणि तेल असते, आणि एखादा वॉशर उलटा बसला तर त्याची किंमत नंतर कळते. बाबांनी सल्ला दिला की प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर कव्हराचे चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवावा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. डावा फूटरेस्ट आणि ब्रेकची कांडी काढली, तेल बाहेर काढले आणि रबरी हातोडीने हलकेच ठोकून कव्हर सुटे केले. स्टेटर तीन नटांवर बसलेला असतो. तो बाहेर काढल्यावर रोटर उघडा पडला.

रोटरचा नट घट्ट होता, रोटर क्रँकवर अडकवून धरणारी किल्लीही (पाचर) जागेवर होती. तरीही मी रोटरचा घेर दोन्ही हातांनी धरून पिळला, तेव्हा तो नटाच्या आणि क्रँकच्या मानाने इकडून तिकडे हलला. बाबांनी टॉर्च जवळ धरला. मधला पोलादी गाभा आणि त्याभोवती ओतलेले अॅल्युमिनियम यांच्या सांध्यात केसाएवढी काळी रेघ दिसत होती. घेर एका बाजूला वळवला की त्या रेघेतून तेलाचा बारीक थेंब वर येई आणि उलटा वळवला की आत ओढला जाई. बाहेरचा चुंबकांचा भाग आतल्या गाभ्यापासून सुटला होता. आयडलवर क्रँकची गती दर फेरीत कमीजास्त होते, त्या प्रत्येक हिसक्याला सुटलेला घेर गाभ्यावर आदळत होता, आणि तीच टकटक बिग-एंडची वाटत होती. गती वाढली की हिसके बोथट होतात, म्हणून आवाज थांबत होता. लुकासच्या जुन्या रोटरचा हा जगभर माहीत असलेला दोष आहे. आपल्याकडे आता या गाड्या इतक्या थोड्या उरल्या आहेत की बुलेट आणि आजच्या गाड्यांवर हात बसलेल्या मेस्त्रींना तो ठाऊक नसावा यात त्यांचा दोष नाही. मात्र डाव्या बाजूने टकटक ऐकू आली तर क्रँक उघडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी रोटर हाताने पिळून पाहावा, एवढे मी आग्रहाने सांगेन. त्याला एक संध्याकाळ आणि एक गॅस्केट लागते.

रोटर दुरुस्त करता येईल का याची चौकशी केली. एका लेथवाल्याने सांध्यावर वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली, त्याला मी नकार दिला. चुंबकाला तेवढी उष्णता दिली तर त्याचे चुंबकत्व जाते, आणि मग जोड पक्का असूनही त्याचा उपयोग उरत नाही. काही जण सांध्यात भोके पाडून पिन ठोकतात, पण मिनिटाला काही हजार फेऱ्या मारणाऱ्या वस्तूवर असा प्रयोग घरच्या गाडीत करण्याची माझी तयारी नव्हती. नवा रोटरच मागवायचा ठरवला.

स्टेटरच्या कॉइल चांगल्या होत्या. कोणत्याही वायरीपासून लोखंडी गाभ्यापर्यंत मल्टिमीटरने काही दाखवले नाही, म्हणजे कॉइल अर्थ झालेली नव्हती. वायरींचा परस्परांतील रोध मात्र एक ओहमपेक्षाही कमी असतो, आणि साध्या मल्टिमीटरच्या अशा ठिकाणच्या आकड्यावर विसंबून राहू नये. खरा बिघाड वायरीत होता. कव्हरमधून बाहेर पडतात त्या भोकातल्या रबरी कड्यापाशी, म्हणजे ग्रोमेटपाशी, तेलाने त्या इतक्या कडक झाल्या होत्या की वाकवताच इन्सुलेशनचे तुकडे पडले. पंप आणि पंख्यांचे वायंडिंग करणाऱ्या फोंड्याच्या एका वयस्क कारागिराकडे स्टेटर नेला. त्यांनी जुन्या वायरी मुळाशी कापून तेलाला टिकणाऱ्या नव्या वायरी डाग देऊन जोडल्या, सांध्यावर स्लीव्ह चढवले आणि अराल्डाइट भरले. सातशे रुपये घेतले आणि चार दिवसांनी दिला. मूळच्या फिकट, मध्यम आणि गडद हिरव्या वायरी साठ वर्षांत एकाच रंगाच्या झाल्या होत्या, म्हणून जुन्या वायरी कापण्यापूर्वी प्रत्येकीवर चिकटपट्टीने क्रमांक घालावेत.

या टप्प्यावर सहा व्होल्ट ठेवावेत की बारा करावेत हा प्रश्न आला. बाबा सहाच्या बाजूचे होते, कारण गाडी होती तशी राहावी असे त्यांना वाटत होते. माझे म्हणणे असे होते की सहा व्होल्टचे बल्ब आणि हॉर्न आता येथे सहज मिळत नाहीत, आणि रात्री फोंडा ते पणजी रस्त्यावर समोरच्या प्रखर दिव्यांपुढे आपला दिवा दिसणे गरजेचे आहे. हा बदल करण्यासाठी स्टेटर बदलावा लागत नाही. कायम चुंबकाचा अल्टरनेटर विशिष्ट व्होल्टेजला बांधलेला नसतो. त्याच्यातून निघणाऱ्या विद्युतधारेवर मर्यादा असते, आणि बॅटरी व रेग्युलेटर जे व्होल्टेज ठरवतील त्यावर तो ती धारा देतो. स्टेटरच्या तीनपैकी दोन वायरी एकत्र जोडून सगळ्या कॉइल कायम कामाला लावायच्या आणि जादा वीज रेग्युलेटरने आवरायची, एवढाच फरक.

कागदोपत्री अडचण येईल का हेही पाहिले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, पण नोंदणीपत्रात बॅटरीचे व्होल्टेज नसते. दुसरा पर्याय व्हिंटेज नोंदणीचा होता. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यांनुसार नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, मुदत दहा वर्षांची आहे, आणि आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. परंतु असे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. आम्हांला शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायची मुभा हवी होती. त्यामुळे साधे पाच वर्षांचे नूतनीकरणच करायचे ठरले. ज्यांची गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघते त्यांना व्हिंटेज नोंदणी सोयीची वाटू शकेल.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इंग्लंडच्या एका विक्रेत्याकडे रोटर आणि पॉझिटिव्ह अर्थला चालणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर मागवला. मागणी देण्यापूर्वी जुन्या रोटरचा बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, स्टेटरचा आतला व्यास आणि त्यावर ठोकलेला क्रमांक यांची छायाचित्रे पाठवली, कारण लुकासच्या वेगवेगळ्या मालिकांचे रोटर दिसायला सारखे असले तरी मापात फरक असतो. पोस्टेजसह २०,८०० रुपये झाले. पार्सल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशात आले आणि कस्टम्समध्ये थांबले. कुरिअरने आधार आणि पॅन मागितले, ते दिले. नंतर पैसे भरल्याचा पुरावा मागितला, बँकेचे विवरण दिले. त्यानंतर वस्तू कशासाठी हवी आहे असे विचारले, कारण बीजकावर फक्त जनरेटरचा रोटर असे लिहिलेले होते. मोटारसायकलचे नोंदणीपत्र आणि जुन्या रोटरचे छायाचित्र जोडून अर्ध्या पानाचे पत्र पाठवल्यावर, नाताळच्या सुट्ट्या ओलांडून, ३ जानेवारीला पार्सल सुटले. ड्युटी आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क मिळून ९,४०० रुपये द्यावे लागले. बीजकावर मोटारसायकलचा सुटा भाग असा स्पष्ट उल्लेख विक्रेत्याकडून आधीच करून घेतला असता तर एक पत्रव्यवहार वाचला असता, असे कुरिअरच्या माणसानेच सांगितले.

वाट पाहण्याच्या काळात वायरिंग नवे केले. बारा व्होल्टची पाच अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी १,२५० रुपयांना मिळाली आणि ती जुन्या खोक्यात सहज बसली. इग्निशन कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब बदलावे लागले. अॅमीटर तोच राहिला, कारण तो विद्युतधारा मोजतो आणि त्याला व्होल्टेजशी कर्तव्य नसते. मूळ वायरिंगमध्ये फ्यूज नव्हता, तो घातला. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत फ्यूज बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. आणखी एक बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या इग्निशन स्विचवर ईएमजी अशी खूण असते. बॅटरी पूर्ण बसली असताना अल्टरनेटरमधून थेट ठिणगी मिळावी म्हणून ती सोय होती, आणि बारा व्होल्टच्या दोन वायरींच्या जोडणीत ती बंद करावी लागते. बाबांना याचे वाईट वाटले. त्यांनी तरुणपणी अनमोडच्या घाटात त्या सोयीवर गाडी सुरू केली होती.

रोटर बसवताना दोन गोष्टी जपल्या. एक, तो कापडात गुंडाळून लेथच्या किंवा ग्राइंडरच्या कचऱ्यापासून दूर ठेवला, कारण चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा एक कण स्टेटरची वाट लावू शकतो. दुसरी गोष्ट रोटर आणि स्टेटर यांतल्या फटीची. ती सगळीकडून किमान ०.२ मिलिमीटर असावी लागते. फट मोजायचे पोलादी फीलर गेज चुंबकाला चिकटून बसते आणि फट किती आहे ते कळत नाही, म्हणून मी प्लॅस्टिकच्या फाइलच्या पातळ कव्हरची पट्टी कापली आणि तिची जाडी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजने मोजून घेतली. एका बाजूला पट्टी अडकत होती. स्टेटरचे तिन्ही नट सैल करून, चारी बाजूंनी पट्ट्या घालून, मग आलटून पालटून आवळल्यावर फट समान झाली. क्रँक हाताने फिरवत प्रत्येक पावकी फेरीला ती पुन्हा तपासली.

१९ जानेवारीला संध्याकाळी इंजिन सुरू केले. टकटक अजिबात नव्हती. बाबा बराच वेळ इंजिनाजवळ कान नेऊन उभे राहिले आणि मग आत जाऊन त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला. रेग्युलेटर जोडण्याआधी मी स्टेटरच्या दोन टोकांवर एक ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर लावून एसी व्होल्टेज मोजले होते. जुन्या रोटरवर, ब्रिज बदलल्यानंतर, मधल्या गतीला पाचच्या आसपास व्होल्ट येत होते, आता त्याच गतीला नऊ आले. भाराशिवाय घेतलेले व्होल्टेज दुबळ्या चुंबकावरही फसवे चांगले दिसते, म्हणून ही चाचणी भार लावूनच करावी. रेझिस्टर काही सेकंदांत हात लावता येणार नाही इतका तापतो. कोणत्या दोन वायरी एकत्र जोडायच्या याबद्दल शंका असेल तर याच चाचणीत सर्वांत जास्त व्होल्ट देणारी जोडणी निवडावी. रेग्युलेटर जोडल्यावर बॅटरीवर १४.२ व्होल्ट स्थिर दिसले.

हिशेब असा बसतो: हेडलाइट ३५ वॅट, मागचा दिवा ५ वॅट आणि इग्निशन कॉइल सरासरी वीस-बावीस वॅट, म्हणजे साठ वॅटच्या थोडे वर, बारा व्होल्टला सुमारे पाच अँपिअर. आयडलवर दिवा लावला की काटा डावीकडे झुकतो, ताशी चाळीसच्या वर तो उजवीकडे दोनवर स्थिरावतो. साठ वर्षांच्या स्टेटरकडून यापेक्षा जास्त मागू नये. दुकानात ६० वॅटचा हॅलोजन बल्ब दाखवला होता, तो मी याच हिशेबामुळे परत ठेवला.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवसांपेक्षा आधी करता येत नाही, त्यामुळे ३० जानेवारीपासून परिवहन पोर्टलवर नमुना २५ भरायला घेतला. बाबांचा मोबाइल क्रमांक वाहनाच्या नोंदीला जोडलेला नव्हता आणि निर्मितीचा महिना रिकामा होता, त्यामुळे अर्ज पुढे सरकेना. या दोन दुरुस्त्यांसाठी मूळ नोंदणीपत्र घेऊन परिवहन कार्यालयात जावे लागले, आणि त्या खिडकीवरचे कर्मचारी रजेवर असल्याने आठवडा गेला. जुन्या गाडीच्या मालकाने ही नोंद मुदतीच्या कितीतरी आधी तपासून घ्यावी, तिला साठ दिवसांची अट नाही. विम्याचा तृतीय पक्षाचा हप्ता १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला १,३६६ रुपये आणि त्यावर जीएसटी असा होता. पीयूसी केंद्रावरच्या मुलाला संगणकात १९६० साल निवडता येईना, मालकाने येऊन ते केले. २००० सालच्या मार्चपर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्क्यांची मर्यादा लागू होते, त्यात आमची गाडी सहज बसली. नूतनीकरणाचे शुल्क तेव्हा १,००० रुपये होते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील दुचाकींना ते २,००० रुपये झाले आहे. मुदत उलटून गेली तर दर महिन्याला विलंब शुल्क पडते.

तपासणी २४ फेब्रुवारीला सकाळी होती. निरीक्षकांनी चासी क्रमांकाची पेन्सिल प्रिंट नोंदणीशी ताडून पाहिली, मग हेडलाइट, डिपर, ब्रेकलाइट आणि हॉर्न एकेक करून बघितले. आयडलवर दिवा किंचित मंद झाला तेव्हा त्यांनी कारण विचारले. बाबांनी थ्रॉटल वाढवून दाखवला, दिवा उजळला, आणि निरीक्षक पुढच्या गाडीकडे वळले. स्मार्ट कार्ड २१ मार्चला टपालाने आले, त्यावरची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. परदेशी भाग, ड्युटी, बॅटरी, वायरिंग, तेल आणि कागदपत्रे धरून सगळा खर्च अडतीस हजारांच्या आत बसला, आणि इंजिन उघडावे लागले नाही.

एक काम राहिले आहे. स्टेटरच्या नव्या वायरी जुन्यांपेक्षा किंचित जाड असल्याने कव्हरच्या ग्रोमेटमधून प्रायमरीचे तेल झिरपते. पावसाळाभर गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवला होता आणि बॅटरी पंधरा दिवसांनी एकदा चार्जरला लावत होते. मोठ्या भोकाचा ग्रोमेट मागवला आहे, तो आला की कव्हर पुन्हा उघडीन आणि त्याच वेळी स्टेटरचे नट तपासून घेईन.